सुकतीची वेळ

कुंभारजुव्याचा कालवा गोव्यात मांडवी आणि जुवारीला जोडतो. लांबी साधारण 15 किलोमीटर, दोन्ही काठांना कांदळवन. मगर खरी गोड्या पाण्यातली, पण इथल्या मचूळ पाण्यातही ती पिढ्यान्‌पिढ्या राहते आहे.

बोटीसाठी तीन ठिकाणी फोन केले. एकाने मगर दिसेलच अशी हमी दिली. दुसऱ्याकडे गाणी आणि जेवण. तिसऱ्याने विचारले, ‘येताय त्या दिवशी तीथ कोणती?’ त्याच्याकडे जागा धरली.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ. पंचमीला पावणेचार, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास सुकती. कालव्यात आत थोडा उशीर. भरतीत चिखल पाण्याखाली असतो, मगर ऊन खायला येणार कुठे? फार ओसरल्यावर बोट आतल्या चिंचोळ्या फाट्यांत शिरत नाही. उतरते पाणी आणि चढते ऊन एकत्र आले पाहिजे. चतुर्थी ते षष्ठी, थंडीतली सकाळ, हे मला सर्वात पटते. अष्टमीला भांग, पाणी फारसे हलतच नाही.

पक्षीच पाहायचे असतील तर चोडण. रायबंदरहून फेरीबोट, पलीकडे सलीम अलींच्या नावाचे अभयारण्य, जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर. तिथे उजाडताच पोहोचावे.

बोट लहान हवी. मोठ्या इंजिनाच्या लाटा काठाची माती ओढून नेतात, आणि आवाजाने खंड्या आधीच उडतो. मगरीला मांस टाकून बोलावणाऱ्याकडे तर जाऊच नये. माणूस दिसला की खाणे मिळते, ही सवय लागलेली मगर शेवटी गावातल्या मासे धरणाऱ्यांच्याच जिवावर उठते.

या भागातल्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात: मानगें थापनी. खाजणाच्या बांधांची ती राखण करते, अशी श्रद्धा. बोटवाल्याला याबद्दल विचारावे. सांगताना तो आपोआप इंजिन बंद करतो.

इंजिन बंद झाले तसे तिवरांच्या मुळांतून टकटक ऐकू आली, चिखलातले खेकडे आणि निवट्या. मग उलट्या पडलेल्या ओंडक्याने डोळा उघडला. बोटवाल्या मामांनी वल्हे वर उचलून धरले आणि पाणी आम्हाला हळूहळू पुढे घेऊन गेले.