शहीद द्वीपावरचा दगडी पूल

अंदमानातील शहीद द्वीपावर, म्हणजे २०१८ पर्यंतच्या नील बेटावर, लक्ष्मणपूर किनाऱ्याजवळ प्रवाळी चुनखडकाची नैसर्गिक कमान आहे. लाटांनी कड्याचा ठिसूळ भाग पोखरला, आरपार भोक पडले आणि वरचा थर पुलासारखा टिकून राहिला. बेटावर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबे वसली; त्यामुळे कमानीला बंगालमधल्या प्रसिद्ध पुलावरून ‘हावडा ब्रिज’ हे नाव पडले. तिथे ओहोटीलाच जाता येते. वाट निसरड्या, धारदार खडकांवरून जाते. खळग्यांतल्या पाण्यात समुद्रकाकडी निपचित पडलेली असते. खेकडे चाहूल लागताच फटीत शिरतात. भरती लागली की खळगे एकेक करून बुडतात आणि माणसे परततात. कमान कोरणारे पाणीच तिला रोज झिजवते. असे छत कधीतरी कोसळते आणि समुद्रात सुटे सुळके उरतात.