रक्त येतं म्हणून थांबू नकोस

नाशिक

ती. मावशीस,


पत्र पोचलं. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं, सकाळी उठल्यावर तोंडाला वास येतो, खालचे पुढचे दोन दात हलल्यासारखे वाटतात, हे सगळं वाचलं. पण मला खरी काळजी वाटली ती पुढच्या वाक्याची: रक्त येतं म्हणून महिनाभर तू तिथे ब्रश लावणंच सोडलंस आणि बोटाने मीठ-तेल चोळतेस. मावशी, हे आधी बंद कर. आजच रात्रीपासून मऊ ब्रशने, हलक्या हाताने, नेमकं जिथून रक्त येतं तिथेच जास्त लक्ष देऊन घासायला लाग. हिरडीतून रक्त येतं ते ब्रश लागल्यामुळे नव्हे. हिरडी सुजलेली असते, म्हणून येतं. आणि ती सुजते दाताच्या मुळाशी साचलेल्या मळामुळे. त्या जागेला विश्रांती दिलीस तर मळ वाढतो, सूज वाढते आणि रक्तही वाढतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑऱ्हुसला हॅराल्ड लो या दंततज्ज्ञाने निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत त्या सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर आठवडा-दीड आठवड्यात सूज उतरली. हिरडीची नुसती सूज परत फिरते, हे तिथे दिसलं. सूज खाली उतरून जबड्याचं हाड झिजायला लागलं, म्हणजे आपण ज्याला पायरिया म्हणतो तो झाला, की झिजलेलं हाड आपोआप परत येत नाही. तिथून पुढे आहे ते टिकवायचं, एवढंच आपल्या हातात राहतं. तुझे पुढचे दात हलतात, म्हणजे तिथलं थोडं हाड गेलेलं असावं. घाबरू नकोस. हललेला दात सांभाळून वर्षानुवर्षं वापरणारी माणसं मी रोज बघते.

तू लिहिलंस की तुमच्या काठी गावात म्हातारी माणसं कडुनिंबाच्या नाहीतर करंजाच्या काडीने घासतात, काही तर तेही करत नाहीत, तरी हरभरे फोडून खातात. मग आपल्यालाच का हे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर याच लो यांच्या दुसऱ्या कामात आहे. श्रीलंकेच्या चहामळ्यांतले ४८० मजूर त्यांनी १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं पुन:पुन्हा तपासले. या लोकांनी कधी ब्रश हातात धरला नव्हता, दातांचा डॉक्टर पाहिला नव्हता. सगळ्यांच्या दातांवर मळ आणि कीटण सारखंच. तरी सुमारे ११ टक्के लोकांचं दुखणं हिरडीच्या सुजेपलीकडे गेलंच नाही. ८१ टक्क्यांचं हाड मध्यम गतीने झिजलं. उरलेल्या ८ टक्क्यांचं इतक्या वेगाने झिजलं की पंचेचाळिशीपर्यंत तोंडात दात उरले नाहीत. तुझ्या डोळ्यांसमोर जे घट्ट दातांचे आजोबा आहेत ते त्या अकरा टक्क्यांतले. ज्यांचे दात चाळिशीतच गेले ते आता भाकरी दुधात कुस्करून खातात, त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. आपण कोणत्या गटातले हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांनीच सफाई करायची.

आणि तुझ्या बाबतीत साखर आहे. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या साखर वर ढकलतात. हिरड्यांचे नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, सुमारे ०.४ टक्क्याने उतरते असं जगभरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर आढळलं आहे. गोळ्या वेळेवर घेतेस, चालतेस, तरी साखर का हलत नाही म्हणून तू चिडतेस ना? एक कारण तोंडात असू शकतं.

आता भाऊने पाठवलेल्या यंत्राचं. पाण्याची धार सोडणारं हे यंत्र १९६२ साली अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्स गावात निघालं. जेराल्ड मॉयर हे दातांचे डॉक्टर आणि जॉन मॅटिंग्ली हे अभियंते, दोघांनी मिळून केलं. धार सलग येत नाही, मिनिटाला हजारावर झटके देत येते, आणि त्या झटक्यांनी हिरडीच्या कडेखालचा सैल मळ आणि जंतू धुतले जातात. निरोगी हिरडी दाताला तीन मिलिमीटरच्या आत चिकटलेली असते. त्याहून खोल गेलं की दात आणि हिरडी यांच्यामध्ये पोकळी तयार होते. ब्रशचे केस त्यात जेमतेम मिलिमीटरभर जातात. धार त्याहून खाली, साधारण अर्ध्या खोलीपर्यंत पोचते. म्हणून ज्यांच्या हिरड्या सुजलेल्या आहेत त्यांचं रक्त येणं तिने कमी होतं. यंत्र चांगलं आहे, वापर.

पण ते काय करत नाही, हेही ऐक. दातावरचा मळ दोन-चार दिवस तसाच राहिला की लाळेतले कॅल्शियमचे क्षार त्यात बसायला लागतात आणि तो घट्ट होतो. तेच कीटण. आरसा घेऊन खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ सारून बघ, पिवळसर-करडा कडक थर दिसेल. तिथेच जास्त का, तर जिभेखाली लाळेच्या नळ्या उघडतात. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही त्याच कारणाने. हे कीटण पाण्याच्या कितीही जोरदार धारेने निघत नाही, मिठाने नाही, सोड्याने नाही, काडीनेही नाही. ते दवाखान्यात उपकरणानेच काढावं लागतं. ते न काढता घरी धार मारत राहिलीस तर वरून रक्त थांबेल, तुला बरं वाटेल आणि खाली हाड झिजतच राहील. माझी सगळी धडपड हे तुला पटवण्यासाठी आहे. आधी दवाखान्यात सफाई, मग घरी धार. उलट क्रम चालत नाही.

“दात साफ केले की हलतात” असं तुला कुणी सांगितलं, त्याच्यावर रागावू नकोस. महाराष्ट्रभर लोक हेच म्हणतात. होतं असं की कीटणाने फटी बुजलेल्या असतात, हिरडी सुजून फुगलेली असते. सफाई केली की सूज उतरते आणि ज्या फटी आधीपासूनच होत्या त्या उघड्या पडतात. कीटणाच्या आधाराने टेकलेला दात थोडे दिवस जास्त हलल्यासारखा वाटतो. थंड पाणी काही दिवस झोंबतं. मग हिरडी आवळते आणि दात पूर्वीपेक्षा घट्ट बसतो. ज्याचं हाड फारच गेलं असेल तो दात जाईलही, पण तो सफाईने गेला नसतो.

काठीत वीज कधी जाईल त्याचा भरवसा नाही, आणि यंत्राची बॅटरी संपली की तू सगळंच सोडून देशील, हे मी ओळखून आहे. म्हणून दुसरा मार्ग सांगते. औषधाच्या दुकानातून दहा मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज आण. पुढचं टोक बोथट आणि वाकडं असलेली मिळाली तर उत्तम. दाढ काढल्यावर जखम धुवायला आम्ही देतो ती तीच. यंत्रासारखे झटके त्यात नसतात, पण फटीत अडकलेलं अन्न आणि सैल मळ ती काढते.

पाणी उकळून कोमट होऊ दे. हातपंपाचं असो की टाकीचं, सुजलेल्या हिरडीत मारायचं पाणी उकळलेलंच हवं. पेलाभर पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ. रात्री जेवण झाल्यावर मोरीत वाकून, तोंड थोडं उघडं ठेवून बस. ब्रश आधी करून घे. सिरिंजचं टोक हिरडीच्या कडेशी, दाताला काटकोनात धर. हिरडीखाली खुपसू नकोस. वरच्या उजव्या शेवटच्या दाढेपासून सुरू कर आणि एकेका फटीपाशी क्षणभर थांबत डावीकडे ये. बाहेरून झालं की आतून. मग खालची ओळ. पहिल्या रात्री मोरीत पडणाऱ्या पाण्यात ज्वारीच्या भाकरीचे पांढुरके कण दिसतील, भगर खाल्ली असेल तर तिचे दाणे, आणि लालसर रंगही. तो रंग बघून हात आवरू नकोस. आठवडा-दहा दिवसांत तो फिका होत जातो. दोन आठवड्यांनंतरही तितकाच राहिला, किंवा पू दिसला, गालाला सूज आली, ताप आला, तर घरची धार थांबव आणि डॉक्टर गाठ. सिरिंज धुऊन उघडी वाळत ठेव. दट्ट्या अडखळायला लागला की नवी घे.

यंत्र वापरशील तेव्हा सर्वांत कमी जोरावर सुरुवात कर. मिठाचं पाणी घातलंस तर नंतर साधं पाणी त्यातून फिरव, नाहीतर आतले भाग खराब होतात. आणि धार मारली म्हणून ब्रश चुकवायचा नाही. दातावर चिकटलेला मळ घासूनच निघतो.

खायच्या सोड्याचंही विचारलंयस. १९७० च्या दशकात पॉल कीज नावाच्या अमेरिकी संशोधकाने मीठ, सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा लेप लावायची पद्धत खूप गाजवली. शस्त्रक्रियेशिवाय पायरिया बरा होतो असं लोकांना वाटायला लागलं. पुढच्या दशकात ती तपासली गेली तेव्हा साध्या पेस्टने नीट घासणाऱ्यांपेक्षा तिचा जास्त फायदा दिसला नाही. त्यामुळे सोड्याच्या मागे लागू नकोस. दुकानातलं क्लोरहेक्सिडिनचं लाल-गुलाबी औषधही डॉक्टरांनी सांगितलं तरच, आणि दोनेक आठवडेच. जास्त दिवस घेतलं की दात तपकिरी होतात आणि जिभेची चव जाते.

शेजारच्या काकूंची मशेरी हा वेगळाच विषय आहे आणि मला तो तुझ्या दातांपेक्षा जास्त छळतो. भाजलेली तंबाखू हिरडीवर चोळली की थोडा वेळ बधिर वाटतं, दुखणं दबतं, आणि बाई समजते की हिरड्या घट्ट झाल्या. प्रत्यक्षात तिथे हिरडी दातावरून खाली सरकत जाते, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट तिथूनच सुरू होते. सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण तव्यावर घरी भाजलेल्या मशेरीला कोणती बंदी पोचणार? तिथे तुझ्यासारखी शेजारीणच पोचते. काकूंना म्हणावं, मशेरी सोडल्यावर आठ-पंधरा दिवस हिरड्या दुखतील, रक्तही येईल, त्याला घाबरायचं नाही. त्यांचा मुलगा यंदा होळीत बुध्या होणार, म्हणजे नवसाने सजून नाचणार, म्हणालीस. जो मुलगा पालनीचे, म्हणजे होळीच्या व्रताचे, दिवस खाटेला पाठ न लावता जमिनीवर झोपतो, त्याला स्वतःची तंबाखूची पुडी सोडणंही अशक्य नाही. पालनी सुरू होताना पुडी बाजूला ठेवायची आणि होळी पेटल्यानंतर परत हातात घ्यायची नाही, एवढं त्याच्याकडून कबूल करून घे. तू शाळेत त्याची बाई होतीस, तुझं तो ऐकेल.

आणखी एक, तुझ्या शाळेतल्या जुन्या मुलींसाठी. सातपुड्यात सिकलसेल किती घरांत आहे ते मी तुला सांगायला नको. ज्यांना तो आजार आहे त्यांच्या तोंडातला जंतुसंसर्ग साधा समजायचा नसतो. अशा संसर्गाने अंगदुखीचा झटका उसळू शकतो. दाढ सुजली की त्यांनी घरगुती उपाय करत बसू नये. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे त्यांनीही धारेचं यंत्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. गरोदर बाईच्या हिरड्या सुजतात ते मात्र नेहमीचं आहे, तिने घासणं सोडायचं नाही आणि दातांच्या डॉक्टरला भ्यायचंही नाही.

आता जायचं कुठे. मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी भेटतात, भेटतात की नाही, हे आधी विचारून घे. उगाच हेलपाटा नको. नाहीतर सरळ नंदुरबारला जिल्हा रुग्णालयात जा. २०२० पासून तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. देवगोई घाट उतरून अक्कलकुवा, तळोदा करत जायचं म्हणजे तुझा दिवस जातो, कंबरही धरते, हे मला ठाऊक आहे. तरी हे एकदा करावंच लागेल. हाड किती गेलंय ते बघायला एक्स-रे काढतील, कीटण काढतील, खोल पोकळ्या असतील तर दोन-तीन खेपा सांगतील. जास्त काम निघालं तर धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, तिथे मी तुझ्याबरोबर येईन. त्यानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी. साखर असलेल्या माणसाने ती चुकवू नये.

होळीची गर्दी सुरू झाली की गाड्यांत जागा मिळणार नाही आणि घरी पाहुणे येतील, मग तू पुढच्या महिन्यावर ढकलशील. म्हणून या आठवड्यातच जा, आणि काकूंनाही बरोबर घे. जाताना पोटभर जेवून निघ, साखरेचा शेवटचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत ठेव, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखव.

तुझी भाची