वजाबाकीचा ऑगस्ट

९ ऑगस्ट, सातारा
चार दिवस सूर्यच दिसलेला नाही, ताऱ्यांचं काय घेऊन बसलात. दुर्बीण कपाटात. सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या, तरी आयपीसच्या कडेला बुरशीचा ठिपका धरलाच. मग स्लोन सर्वेक्षणाचे वर्णपट उघडून बसलो. ते सगळ्यांना खुले आहेत आणि त्यांना पाऊस लागत नाही.

हे वर्णपट न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटच्या अडीच मीटरच्या दुर्बिणीचे. अ‍ॅल्युमिनियमच्या थाळीला ६४० भोकं, बहुतेक एकेका दीर्घिकेच्या नाहीतर ताऱ्याच्या जागी, थोडी मुद्दाम रिकाम्या आकाशावर. त्यांत माणसं हातानं फायबर खोचायची. आकाशात फायबरचा व्यास ३ विकला. त्या गोलात जे पडेल ते सगळं एकत्र मिसळून येतं. माझा सगळा खेळ या मिसळण्यावरच आहे.

१० ऑगस्ट
कृती सोपी. म्हातारी, तांबूस, लंबवर्तुळाकार दीर्घिका घ्यायची; तिच्यात नवे तारे फारसे जन्मत नाहीत, त्यामुळे वर्णपट शांत. तिचं गणिती प्रारूप बसवायचं आणि वजा करायचं. खाली काही उरायला नको. पण अधूनमधून ऑक्सिजनच्या, हायड्रोजनच्या रेषा उरतात, त्याही जास्त ताम्रसृतीच्या, तांबड्याकडे अधिक सरकलेल्या. म्हणजे त्याच तीन विकलांत, पण खूप मागे, दुसरी दीर्घिका आहे. पुढचीच्या गुरुत्वानं मागचीचा प्रकाश वाकत असेल, तर गुरुत्वीय भिंग सापडलं.

१९८५ मध्ये जॉन हुक्रा आणि सहकारी दीर्घिकांची ताम्रसृती मोजत होते, तेव्हा एका जवळच्या दीर्घिकेच्या ऐन गाभ्यात १.६९५ ताम्रसृतीचा क्वेसार निघाला. आजचं प्रसिद्ध भिंग ‘आइन्स्टाइन क्रॉस’ ते हेच. भिंग शोधायला कुणी गेलंच नव्हतं.

१३ ऑगस्ट
साठ वर्णपट पाहिले, डोळे चुरचुरताहेत. उरतं ते बहुतेक आपलंच. ५५७७ अँगस्ट्रॉमला हिरवी रेषा दर वेळी हजर: आपल्याच वातावरणातल्या ऑक्सिजनची. शोधायचा ऑक्सिजन, आडवा येतो तोही ऑक्सिजन! सात हजाराच्या पुढे तर हवेतल्या हायड्रॉक्सिलच्या रेषांचं रानच माजलंय.

दुपारी एक झकास टोकदार रेषा मिळाली आणि चहा निवला. स्लोन एका थाळीची पाव-पाव तासाची किमान तीन छायाचित्रणं घ्यायचं. ती सुटी उघडून पाहिली. रेषा तिन्हींपैकी एकातच. वैश्विक किरण येऊन कॅमेऱ्यावर आपटला होता. काट मारली.

आता एकट्या रेषेवर विश्वास नाही. ऑक्सिजनची ४९५९ आणि ५००७ ही जोडी तेजात एकास तीन प्रमाणातच हवी, आणि त्याचीच ३७२७ ची रेषाही त्याच ताम्रसृतीला बसली पाहिजे.

१७ ऑगस्ट
मामांचा फोन. “मघा लागल्या आज. तुझ्या दुर्बिणीत पाऊस दिसतो का रे?” आणि मग ती म्हण: नाही पडल्या तर वरती बघा. तिचा पहिला अर्धा रोजनिशीत लिहिण्यासारखा नाही.

आजचा योग मात्र मजेचा. मघा ताऱ्याच्या पश्चिमेला पाच-साडेपाच अंशांवर ‘जॅकपॉट’ नावाचं गुरुत्वीय भिंग आहे, आणि सूर्य या दिवसांत त्याच्याच शेजारी. ढग नसते तरी दिसलं नसतं. म्हणून सरावाला त्याचाच वर्णपट घेतला. भिंगाची ताम्रसृती ०.२२२, मागच्या दीर्घिकेची ०.६०९. ५००७ ला १.६०९ ने गुणलं, ८०५६ आलं. बरोबर त्या रानात जाऊन शोधावं लागलं. उत्तर माहीत होतं म्हणून दिसली, एरवी पान उलटलं असतं.

हबल दुर्बिणीनं तिथे एकात एक अशी दोन कडी दाखवली, २००८ मध्ये जाहीर झाली. आतल्या कड्याची त्रिज्या सुमारे १.४ विकला, म्हणजे फायबरच्या दीड विकलांत जेमतेम मावणारं. बाहेरचं दोन विकलांच्या पुढे. वर्णपटानं फक्त आतल्याची चाहूल दिली. बाहेरचं फायबरच्या कुंपणापलीकडे उभं होतं. पुढे आणखी मागे, जवळजवळ ६ ताम्रसृतीचा तिसरा स्रोतही मिळाला.

१८ ऑगस्ट
दिवसभर वीज नाही.

२२ ऑगस्ट
मिळालं! ७२६०, ७१९० आणि निळ्याकडे ५४०४. तिन्ही रेषा ०.४५ ला बसतात, जोडीचं प्रमाण ठीक, तिन्ही छायाचित्रणांत हजर. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “हे टेंगूळ?” हो, हेच टेंगूळ.

रात्री धीर करून स्लोनच्या वर्णपटांतून अशीच भिंगं शोधणाऱ्या मोहिमेची २००८ ची यादी उघडली. हबलनं पाहिलेले उमेदवार १३१, निर्विवाद भिंगं ७०, संभाव्य १९. माझं टेंगूळ १३१ मध्ये आहे. म्हणजे वजाबाकी चुकलेली नाही. ७० मध्ये नाही. १९ मध्येही नाही. हबलच्या चित्रात मोठ्या दीर्घिकेच्या एका बाजूला निळसर पुसट डाग, समोरच्या बाजूला त्याची जोडी नाही. मागची दीर्घिका जरा जास्तच बाजूला उभी असावी. तिच्या प्रकाशाला वाट एकच मिळाली. तीन विकलांच्या आत तो नेमका कुठे पडला, हे फायबर सांगत नाही.

वहीत हिच्यावर काट मारलेली नाही. समोर फक्त ‘शेजारीण’ लिहिलंय.