प्रोसेसरला काय येते, हे विचारणारी कमांड

व्हर्च्युअल मशीनमधली ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे गेस्ट, सुरू होताना प्रोसेसरकडे 'सीपीयूआयडी' या इन्स्ट्रक्शनने चौकशी करते. इंटेलच्या घराण्यात ही सोय १९९३ सालच्या पेंटियमपासून रूढ झाली. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र हा प्रश्न ते मशीन चालवणारा हायपरवायझर मध्येच अडवतो आणि आधी ठरवून ठेवलेले उत्तर पुढे करतो. त्यामुळे अमुक फीचर गेस्टला दिसावे की नाही, हे चिपइतकेच सॉफ्टवेअरच्याही हाती असते. मशीन सुरू करण्याआधीच हे उत्तर कळावे, म्हणून वेगळी कमांड लागते.

ती लिहिताना पहिली अडचण 'फीचर आहे' या शब्दांचीच येते. चिपमध्ये ते असू शकते, पण लिनक्समधल्या केव्हीएम या हायपरवायझरला ते गेस्टपर्यंत पोचवता येत नसेल. केव्हीएमला येते, पण व्हर्च्युअल मशीन उभे करणाऱ्या क्यूएमू या प्रोग्रॅमला त्याचे नावच ठाऊक नसेल. दोघांनाही येते, पण गेस्टसाठी निवडलेल्या प्रोसेसर-मॉडेलमध्ये ते धरलेलेच नसेल. ही सगळी उत्तरे एकाच यादीत ओतली की कमांड दिसायला सोपी होते आणि वापरायला निकामी. सातबाऱ्याचे उदाहरण घ्या: त्यात नमुना सात जमिनीवरचा हक्क सांगतो आणि नमुना बारा त्या हंगामात शेतात काय उभे होते ते. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीच्या तहसील कचेरीत उतारा घ्यायला आलेल्या कुणालाही हा भेद समजावून सांगावा लागत नाही. मॉडेलची व्याख्या आणि गेस्टला प्रत्यक्ष मिळणारी फीचर्स यांचेही तसेच आहे.

क्यूएमूमध्ये ही विचारणा टप्प्याटप्प्याने घडत गेली. २०१२ सालच्या १.२ आवृत्तीतली 'क्वेरी-सीपीयू-डेफिनिशन्स' ही कमांड मॉडेलांची नावे देत असे. २०१६ च्या डिसेंबरात आलेल्या २.८ आवृत्तीत 'क्वेरी-सीपीयू-मॉडेल-एक्सपान्शन' आली. मॉडेलचे नाव द्यावे, उत्तरात त्याचा उलगडा मिळावा, अशी तिची रीत. उलगडा दोन प्रकारचा असतो. 'स्टॅटिक' प्रकारात न बदलणारे पायाचे मॉडेल आणि त्यावरचे फरक मिळतात. 'फुल' प्रकारात प्रत्येक गुणधर्म आणि त्याची किंमत येते. पहिला प्रकार जपून ठेवण्यासाठी, दुसरा तपासण्यासाठी. दोन मॉडेलांची तुलना करणारी आणि त्यांच्यातला समाईक भाग काढणारी अशा आणखी दोन कमांडही त्याच आवृत्तीत आल्या, पण त्या आयबीएमच्या मेनफ्रेमपुरत्या. इंटेल-एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरांसाठी हा हिशेब व्हर्च्युअल मशीन सांभाळणारी लिबव्हर्ट ही लायब्ररी स्वतः करते.

या सगळ्यात सर्वांत मोलाची भर वरवर किरकोळ वाटते: मॉडेलांच्या यादीत प्रत्येक नावासमोर आलेला 'अनअव्हेलेबल-फीचर्स' हा रकाना. मॉडेल चालेल की नाही, एवढ्याने प्रशासकाचे काम भागत नाही. नेमके कशावाचून अडले ते त्याला हवे असते. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेलने दोष सापडल्यामुळे हॅसवेल प्रोसेसरांतले टीएसएक्स हे फीचर मायक्रोकोडने बंद केले. चिप तीच, नाव तेच, एक फीचर मात्र गायब. टीएसएक्सविना हॅसवेल असे निराळे मॉडेल त्यामुळे करावे लागले. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले सुरक्षा-दोष उघड झाल्यावर उलटे घडले: मायक्रोकोडने नवी फीचर्स आली, आणि एकाच खरेदीतले दोन सर्व्हर वेगळी उत्तरे देऊ लागले. पुढे क्यूएमूच्या ४.१ आवृत्तीपासून मॉडेलांनाच व्ही१, व्ही२ असे आवृत्तीचे शेपूट लावले गेले. ही कल्पना आधीच सुचायला हवी होती.

उत्तर कशाकशावर अवलंबून आहे, हेही कमांडने लपवू नये. क्यूएमूची आवृत्ती, मशीनचा प्रकार, होस्टचे, म्हणजे खालच्या खऱ्या सर्व्हरचे, कर्नल, यांतले काहीही बदलले की उलगडा बदलू शकतो. 'होस्ट' हे मॉडेल म्हणजे या बदलाचे टोक: हाताशी असलेले जवळपास सगळे गेस्टला मिळते, वेगही उत्तम, पण वेगळ्या सर्व्हरवर चालते मशीन हलवायचे तर भरवसा नाही. नावांचा घोळ वेगळाच. एसएसई४ नंतरचा एक टिंबाने जोडायचा, डॅशने की अधोरेषेने? माणसाला तिन्ही चालतात. प्रोग्रॅमच्या हाती मात्र एकच नाव पडावे.

पुण्यात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे (एनआयसी) राष्ट्रीय डेटा सेंटर आहे. अशा ठिकाणी सर्व्हर दुरुस्तीला काढताना त्यावरची मशीन न थांबवता दुसरीकडे न्यावी लागतात. गेस्टने सुरुवातीला एकदा पाहिलेले फीचर नव्या सर्व्हरवर नसेल, तर त्यातला प्रोग्रॅम कधीतरी ती इन्स्ट्रक्शन देतो आणि कोसळतो. सातबाऱ्याची सेवा अशा मशीनवर चालत असेल, तर एटापल्लीसारख्या तालुक्यात, जिथे मोबाइलची रेंज हीच मुळात रडकथा आहे, पलीकडचे मशीन कोसळले की नेट गेले, हे ओळखायला खिडकीवरच्या कारकुनापाशी काहीच साधन नसते.

म्हणून विचारणाऱ्या कमांडचे उत्तर आणि मशीन सुरू होतानाची वागणूक जुळली पाहिजे. एक्स८६ वर एखादे फीचर मिळाले नाही तर क्यूएमू एरवी इशारा देऊन ते वगळते आणि पुढे जाते. 'एन्फोर्स' लावले तर मशीन सुरूच करत नाही. लिबव्हर्ट मशीन सुरू झाल्यावर गेस्टला खरोखर काय मिळाले ते पुन्हा विचारते, चालत्या मशीनच्या नोंदीत तेच लिहून ठेवते आणि स्थलांतराच्या वेळी पलीकडच्या सर्व्हरकडून त्या नोंदीबरहुकूम प्रोसेसर मागते.