शंकेवर सही

काचेचं माप तपासायचं तर पाणी आदल्या संध्याकाळीच काट्याच्या खोलीत आणून ठेवायचं. बाहेर मे महिन्यातलं श्रीरामपूर चाळिशीपार गेलेलं. आत पाणी, काच आणि हवा रात्रभरात एका तापमानाला येतात. काचेच्या मापांसाठी जगभर 20 अंश धरतात. ते आपल्याला थंडीतच दिसायचे. उष्ण मुलखांसाठी 27 अंशांची सोय आहे. ती ज्या शहाण्यानं केली त्याला माझा नमस्कार.

मग 25 मिलीचं पिपेट. इतकं स्वच्छ, की आत एकही थेंब चिकटून राहू नये. राहिला तर पुन्हा धुवा. नळीत पाणी मधोमध खोलगट बसतं. त्याचा तळ रेघेला टेकवायचा, डोळा रेघेच्या पातळीत. मागे काळ्या कागदाची पट्टी धरली की कड काजळ घातल्यासारखी उठून दिसते. पाणी सोडल्यावर टोकाशी थोडं उरतंच. ते फुंकायचं नाही. बनवणाऱ्यानं ते आधीच हिशेबाबाहेर ठेवलेलं असतं. नवी पोरं हमखास फुंकतात.

हे पाणी काट्यावर 25 ग्रॅम भरत नाही. 27 अंशांना साधारण 24.89 भरतं. कोमट पाणी विरळ होतं, शिवाय हवाही त्याला किंचित उचलून धरते. ‘ए’ वर्गाच्या या पिपेटला मुभा 0.03 मिलीची, आणि एक थेंब असतो साधारण 0.05चा. एका थेंबात पिपेट नापास.

एवढा काथ्याकूट कशाला, असं पाहुणे विचारतात. त्यांच्याच दुधासाठी! दुधातली फॅट मोजायच्या गर्बर पद्धतीत 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, 10.75 मिली दूध, 1 मिली अमाईल अल्कोहोल. दूध कमी पडलं की फॅट कमी लागते आणि भाव उतरतो. दूध केंद्रावरचं फॅट मोजायचं मशीनसुद्धा शेवटी गर्बरशीच ताडून बघतात. हरेगाव, टिळकनगर, अशोकनगर ही तर आमच्याकडची साखरेवर वाढलेली गावं. साखरेची शुद्धता बघायलाही 26 ग्रॅम साखर 100 मिलीच्या फ्लास्कमध्येच विरघळवतात. तिथे फ्लास्क खोटा निघाला तर पुढचा सगळा हिशेब खोटा.

मला सगळ्यात आवडतो तो दाखल्यावरचा ± चा आकडा. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेची मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन दाखल्यावर मापाशेजारी ही अनिश्चितता लिहावीच लागते. आमच्या एवढ्या मोठ्या बाजारपेठेत स्वतःच्या शंकेवर सही करून देणारा दुसरा कोणी माझ्या पाहण्यात नाही.

दूध घालणाऱ्यांनो, केंद्रावर एकदा विचारा: पिपेट शेवटचं कधी तपासलं? दाखला मागा. आणि त्यावर ± नसेल तर तो मान्य करू नका.