सावत्र आईची एक निराळी कथा

सावत्र आई हें नांव निघालें कीं रामास वनांत धाडणारी कैकेयी आणि ध्रुवास बापाच्या मांडीवर बसूं न देणारी सुरुचि या दोघी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. मिसेस गॅस्केल यांच्या 'वाइव्ह्ज अँड डॉटर्स' या इंग्रजी कादंबरींतील सावत्र आई त्यांच्या पंक्तीस बसणारी नाहीं. ती छळ करीत नाहीं, उपाशी ठेवीत नाहीं. तरीहि तिच्या घरांत एका मुलीचें मन रोज थोडें थोडें दुखावतें.

हॉलिंगफर्ड गांवचे डॉक्टर गिब्सन विधुर असतात. मुलगी मॉली जवळजवळ १७ वर्षांची होते, तेव्हां घरीं वैद्यकी शिकणाऱ्या एका तरुणानें तिला लिहिलेलें प्रेमपत्र त्यांच्या हातीं लागतें. घरांत कोणी वडील स्त्री असावी म्हणून ते एका विधवेशीं विवाह ठरवितात. मुलीस मात्र आधीं विचारीत नाहींत. मॉलीच्या खोलींत तिच्या मृत आईचें जुनें सामान असतें. तें ठेवावें अशी ती विनवणी करिते. परंतु लोक नांवें ठेवतील म्हणून नवी आई तें काढविते. डॉक्टर मनांत कष्टी होतात, बोलत नाहींत, आणि रोग्यांकडे निघून जातात.

रॉजर नांवाचा एक सज्जन तरुण मॉलीस उपदेश करितो कीं, आपल्यापेक्षां पित्याच्या सुखाचा विचार कर. ती तो उपदेश पाळते. तथापि सदैव दुसऱ्यांच्या मर्जीनेंच वागल्यास आपलें असें कांहीं उरणार नाहीं, ही शंकाहि ती त्यास बोलून दाखविते. याच ठिकाणीं हें पुस्तक आमच्या मनांत शिरलें.

आम्ही सात वर्षांचे असतां आमची आई वारली व पुढें दुसरी आई घरांत आली. तिनें आमच्यावर कधीं हात उगारला नाहीं. पण शेजारणी आम्हांस थांबवून हळूच विचारीत, "जेवूं घालते ना रे नीट?" त्या प्रश्नानें आमच्यांत व तिच्यांत जी भिंत उभी राहिली, ती पडावयास पुष्कळ वर्षें लागलीं.

मॉलीस मात्र सावत्रपणांतूनच एक मोठा लाभ होतो. सिंथिया ही नव्या आईची सख्खी मुलगी. पण लहानपणापासून दूर शाळेंत ठेविल्यामुळें तिला आईची माया ठाऊक नाहीं. तिचा जीव जडतो तो मॉलीवर. एका पुरुषाकडून २० पौंड उसने घेऊन ती त्याच्या वचनांत अडकलेली असते. तिचीं पत्रें परत मिळविण्यासाठीं मॉली गांवाची निंदा सोसते. नातें रक्तानेंच होतें असें नाहीं, हें याहून स्पष्ट कोणीं सांगावें?

लेखिकेची स्वतःची आई, ती अवघी १३ महिन्यांची असतां वारली होती. मावशीनें तिला नट्सफर्ड येथें वाढविलें आणि वडिलांनीं दुसरा विवाह केला. ही कादंबरी १८६४ पासून मासिकांतून क्रमशः येत असतां १८६५ च्या नोव्हेंबरांत लेखिका निवर्तली, व शेवटचा भाग लिहावयाचा राहिला.

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं घरांत नवी आई आणण्यापूर्वीं मुलांशीं बोलावें, आणि आणल्यावर डॉक्टरांप्रमाणें मौन धरूं नये. विद्यार्थ्यांनो, तुमच्या सोबत्याच्या घरीं नवी आई आली, तर शेजारणींचा तो प्रश्न त्यास विचारूं नका. त्यास नेहमींप्रमाणें खेळावयास बोलवा.