'हो' म्हणणारे डॉक्टर

वेळापुरात डॉक्टरांना गाठायचं तर बाजाराचा दिवस टाळायचा. आषाढात माउलींची पालखी मुक्कामाला आली की विषयच काढायचा नाही. कॅन्सर तपासणीच्या सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन दवाखाने पालथे घालणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. यंदा तिच्या हाताखाली एक मुलगी आली. तिने आणलेल्या फॉर्मांवर वरपासून खालपर्यंत एकच उत्तर : हो.

तेव्हापासून बाई पुन्हा त्या 'हो'च्या मागे लागली आहे. 'गर्भाशयमुखाची तपासणी करता का?' विचारलं की डॉक्टर काय करतात ते सांगत नाहीत, काय करायला हवं ते सांगतात. वय 30 ते 65, दर 5 वर्षांनी, तोंड, स्तन, गर्भाशयमुख. 2016 च्या सरकारी सूचना तोंडपाठ!

म्हणून ती विचारते, 'शेवटची बाई कधी तपासली?' मग, 'गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावल्यावर किती थांबता?' एक मिनिट, हे पुस्तक वाचणाराही सांगतो. पण ते पाच टक्क्यांचं द्रावण ताजं कोण बनवतं? तपासणी करणारा डॉक्टर लगेच सिस्टरला हाक मारतो. न करणारा चहा मागवतो.

तंबाखू-मिश्रीवाल्यांचं तोंड बघता का, हे ती विचारतच नाही. टॉर्च मागते. तो ड्रॉवरच्या तळातून निघाला आणि पेटला नाही, की उत्तर मिळालं.

'चहा आला की मी ओळखते,' हे ती पोरीला जरा जास्तच ऐटीत सांगते. मोबाईलवर लिंक पाठवून सर्वेक्षण उरकणाऱ्यांचं नाव काढलं, की ही ऐट आणखी चढते. त्यांना ना टॉर्च दिसतो, ना चहा.

पण बार्शीचा विषय निघाला की ती नरमते. जिल्ह्यातल्याच या गावात 1987 पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. तिथल्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा मेमोरियलबरोबर 1999 मध्ये शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात अभ्यास सुरू केला : 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले, हे 2009 मध्ये छापून आलं. तिथे डॉक्टरांच्या शब्दावर काही ठरलं नाही. बायका मोजल्या, मृत्यू मोजले. त्यापुढे आपलं काम कच्चं, हे तिला मान्य आहे. फक्त पोरीसमोर नाही.

'करता का?' हा प्रश्न काढा आणि दवाखान्याचं रजिस्टर बघायची परवानगी द्या, असं तिने वरच्यांना लिहून कळवलं आहे. पुढच्या फेरीचा फॉर्म अजून आलेला नाही.